शालेय शिस्त आणि मानखंडनेची शिक्षा

'शिक्षा' हा शब्द मराठीत दंड या अर्थाने रूढ आहे. परंतु ज्या धातूपासून तो आला त्याचा मूळ अर्थ शिकणे असा आहे. 'शिक्षण' आणि 'शिक्षक' हे शब्दही त्याच धातूचे. शब्दांच्या या एककुलत्वामागे एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, दंडातून काही तरी शिकले जाते. हे गृहीत सर्वच शिक्षांना लागू पडते काय, हा प्रश्न जुना आहे. प्रस्तुत लेखात त्यातील एकाच भागाचा विचार करावयाचा आहे. ज्या शिक्षेचा मुख्य घटक विद्यार्थ्याची मानखंडना हा असतो, तिला शालेय शिस्तीत स्थान असू शकते काय?

१. संकल्पनेची मर्यादा

अंगठे धरून उभे करणे, बाकावर उभे करणे, कान धरून उठाबशा काढावयास लावणे, खालच्या इयत्तेत नेऊन बसविणे, गळ्यात पाटी अडकविणे, नापासाचे गुण वर्गापुढे मोठ्याने वाचणे, बापाच्या धंद्यावरून वा जातीवरून टोमणा मारणे, हे प्रकार वरवर पाहता एकमेकांहून भिन्न आहेत. काहींत शरीराला क्लेश होतात, काहींत मुळीच होत नाहीत. सर्वांत समान असा घटक एकच : शिक्षा पाहणारा वर्ग. छडीत वेदना हे साधन असते. येथे सवंगड्यांची दृष्टी हे साधन आहे. प्रेक्षक काढून घेतले तर यांतील बहुतेक शिक्षांत काहीच उरत नाही.

तथापि प्रेक्षक ही मानखंडनेची अपरिहार्य अटही नव्हे. मॅन बेटावर एका शाळकरी मुलाला न्यायालयाच्या आदेशाने वेताचे फटके देण्यात आले होते. त्या टायरर खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७८ साली असे मत दिले की, इतरांच्या दृष्टीने नसली तरी स्वतःच्या दृष्टीने एखाद्याची मानहानी झाली असल्यास तेवढेही पुरेसे ठरू शकते. अविशाय मार्गालिट या तत्त्वज्ञाने 'द डीसेंट सोसायटी' या १९९६ च्या ग्रंथात हा विचार अधिक नेमका केला आहे. आपला आत्मसन्मान दुखावला गेला असे मानण्यास व्यक्तीला सबळ कारण मिळावे, असे वर्तन किंवा अशी परिस्थिती म्हणजे मानखंडना. 'सबळ कारण' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. चूक दाखविल्याने विद्यार्थ्याला वाईट वाटले, एवढ्यावरून त्याची मानखंडना झाली असे ठरत नाही. 'हे गणित चुकले', 'तू आज खोटे बोललास' ही वाक्ये कृतीविषयी आहेत. 'तू मठ्ठच आहेस' हे वाक्य व्यक्तीविषयी आहे. पहिल्यात सुधारण्याची वाट मोकळी राहते. दुसऱ्यात ती बंद होते.

२. ऐतिहासिक पूर्वपीठिका

प्राचीन भारतीय शास्त्रकारांनी हा प्रश्न ओळखला होता. गौतम धर्मसूत्रानुसार शिष्याचे शासन मारहाणीवाचून करावे; ते अशक्यच झाले तर बारीक दोरी किंवा वेताची काडी वापरावी; अन्य साधनाने मारणाऱ्या गुरूस राजाने दंड करावा. आपस्तंबाने धाक, उपवास, थंड पाण्याचे स्नान आणि गुरूच्या दृष्टीआड ठेवणे अशा शिक्षा सांगितल्या आहेत. यांतील शेवटच्या शिक्षेचे स्वरूप लक्षणीय आहे. ती शिष्याला चार लोकांपुढे उभे करीत नाही. उलट गुरुसहवासाच्या लाभापासून त्याला काही काळ दूर ठेवते. अर्थात या व्यवस्थेच्या दाराशी पोचण्याचा अधिकारच समाजातील बहुसंख्यांना नव्हता, हेही विसरून चालणार नाही.

पाश्चात्त्य परंपरेत क्विंटिलियनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात मुलांना फटके मारण्याचा निषेध केला. ही शिक्षा गुलामांना शोभणारी आहे, आणि तिच्यामुळे उपजणारी लज्जा मुलाचे मन खचविते, अशी त्याची कारणे होती. जॉन लॉक याने १६९३ साली प्रसिद्ध केलेल्या शिक्षणविषयक ग्रंथात प्रतिष्ठा आणि अप्रतिष्ठा या मुलांच्या वर्तनाच्या सर्वांत समर्थ प्रेरणा मानल्या. मात्र याच लॉकने स्तुती चारचौघांत करावी आणि दोष एकांतात सांगावा, असेही बजावले. त्याचा युक्तिवाद व्यवहारी आहे. आपली पत शाबूत आहे असे वाटते तोवर मूल ती जपते. ती एकदा गेली असे वाटले की जपण्यासारखे काही उरत नाही आणि लगामच सुटतो. उघड अप्रतिष्ठा केल्याने शिक्षकाच्या हातातील सर्वांत प्रभावी साधन तो स्वतःच मोडून टाकतो, असा याचा मथितार्थ.

पुढील शतकातील सुधारकांनी लॉकचा पूर्वार्ध घेतला आणि उत्तरार्ध सोडला. जोसेफ लँकेस्टर या क्वेकर शिक्षकाने लंडनच्या बरो रोड भागात १७९८ मध्ये गरीब मुलांसाठी शाळा काढली. अँड्र्यू बेल याने मद्रासच्या अनाथाश्रमात चालविलेल्या प्रयोगाशी साम्य असलेली ही सहाध्यायी-अध्यापनाची पद्धती १८२० नंतर मुंबई इलाख्यातील नव्या शाळांतही आली. लँकेस्टरचा छडीला विरोध होता. परंतु तिच्या जागी त्याने १८०३ च्या पुस्तकात जे सुचविले ते पाहण्यासारखे आहे : गळ्यात लाकडाचा ओंडका अडकविणे, पायांत खोडा घालणे, मुलाला टोपलीत बसवून छताला टांगणे, मळक्या तोंडाने आलेल्या मुलाचे तोंड सर्व शाळेसमोर एका मुलीकडून धुवून घेणे. शेकडो मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला हे सोयीचे होते. कारण शिक्षा देण्याचे काम वर्गाचे हास्य परस्पर करीत असे. शारीरिक शिक्षा बंद झाली म्हणजे शिस्त आपोआप मानवी होते, हा समज किती अपुरा आहे हे या उदाहरणावरून दिसते.

मानखंडना कोणत्या हेतूंच्या सेवेस लागू शकते, हे भाषाविषयक शिक्षांत अधिक स्पष्ट होते. एकोणिसाव्या शतकात वेल्समधील काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पट्टी अडकवीत. जपानच्या ओकिनावा प्रांतात स्थानिक बोली बोलणाऱ्यासाठी तशीच पाटी होती, आणि फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात ब्रेतॉन बोलणाऱ्याच्या हाती एखादी वस्तू देत. केनियातील वसाहतकालीन शाळांत गिकुयू बोलणाऱ्या मुलाला छडी मिळे किंवा त्याच्या गळ्यात निंदापर मजकुराची धातूची पट्टी पडे, असे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी १९८६ च्या 'डीकलोनायझिंग द माइंड' या ग्रंथात नमूद केले आहे. यांपैकी अनेक ठिकाणी खूण धारण करणाऱ्या मुलाने दुसरा 'अपराधी' शोधून ती त्याच्याकडे सोपवावयाची असे. म्हणजे प्रत्येक मूल दुसऱ्याचा हेर बनले. येथे मुलांना कोणते मूल्य शिकविले गेले? भाषेची लाज आणि मित्राचा विश्वासघात, ही दोनच.

३. समर्थनाची तात्त्विक बाजू

मानखंडनेच्या शिक्षेचे समर्थन केवळ रूढीवर उभे आहे असे मानणे अन्यायाचे होईल. समर्थकांचे सर्वांत सबळ म्हणणे असे : शाळा हा एक समाज आहे, नियम सर्वांचा असतो, नियमभंग उघड झाला असेल तर नापसंतीही उघड झाली पाहिजे, आणि लाज ही नीतीची पहिली पायरी आहे.

या युक्तिवादाला एमिल द्युर्केम यांच्या विचारांचा आधार दिला जातो. पॅरिस येथे १९०२–०३ मध्ये दिलेल्या आणि १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या नीतिशिक्षणावरील व्याख्यानांत त्यांनी प्रतिपादिले की, शिक्षेचे सार क्लेशात नसून निषेधात आहे. नियम मोडला तरी त्याचे सामर्थ्य अबाधित आहे, याची ग्वाही शिक्षा वर्गाला देते. परंतु द्युर्केम यांचे पुढचे विवेचन समर्थकांच्या विरुद्ध जाते. ज्या शिक्षेने मुलाच्या प्रतिष्ठेला धक्का बसतो ती नीतिशिक्षणाच्या हेतूशीच विसंगत आहे, कारण मानवी प्रतिष्ठेविषयी आदर निर्माण करणे हाच तो हेतू होय. म्हणून त्यांनी शारीरिक शिक्षेचा स्पष्ट निषेध केला. शिवाय प्रत्येक शिक्षा एकदा दिली गेली की तिचा धाक काही अंशी ओसरतो, हेही त्यांनी दाखविले. तात्पर्य, निषेध व्यक्त करणे आवश्यक मानले तरी त्यातून मानखंडनेची आवश्यकता सिद्ध होत नाही.

अपराधशास्त्रज्ञ जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ साली लज्जेचे दोन प्रकार वेगळे केले. एका प्रकारात कृतीचा निषेध होतो आणि करणाऱ्याला समाजात पुन्हा सामावून घेतले जाते. दुसऱ्यात त्याच्यावर कायमचा शिक्का बसतो. पहिला अपराधाला आळा घालतो, दुसरा तो वाढवितो, असा त्यांचा सिद्धान्त आहे. बाकावर उभे राहिलेले मूल खाली बसले तरी 'बाकावरचा' हे नाव वर्गात राहते. सामावून घेण्याचा कोणताही विधी या शिक्षेत नाही, हा तिचा रचनेतीलच दोष होय.

४. मानसशास्त्रीय पुरावा

एलिझाबेथ हरलॉक यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात अद्याप उद्बोधक आहे. चौथी व सहावीच्या १०६ मुलांना गट पाडून पाच दिवस बेरजेची उदाहरणे देण्यात आली. एका गटातील मुलांना नावाने पुढे बोलावून वर्गासमक्ष शाबासकी दिली गेली. दुसऱ्या गटाला तसेच पुढे बोलावून दोष दिला गेला. तिसऱ्या गटाने हे सारे ऐकले, पण त्याची दखलच घेतली गेली नाही. चौथा गट स्वतंत्र ठेवला होता. सुरुवातीला दोष दिलेल्या गटाचीही प्रगती झाली. नंतर मात्र ती घसरत गेली, तर शाबासकीच्या गटाची वाढत राहिली. हा प्रयोग सौम्य बोलण्यापुरता आणि पाच दिवसांपुरता होता. त्यावरून फार व्यापक अनुमान काढू नये. परंतु उघड दोषारोप 'लागू पडतो' असा शिक्षकांचा जो अनुभव असतो, त्याचा उगम त्या पहिल्या दिवसाच्या सुधारणेत असावा, एवढे म्हणण्यास हरकत नाही. दुर्लक्षित गटाची प्रगती दोष दिलेल्या गटाहूनही कमी झाली, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शिक्षकाने काहीच न बोलणे हा पर्याय नव्हे.

पुढील संशोधनाने अपराधभावना आणि लज्जा यांत भेद केला. हेलन ब्लॉक ल्युइस यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या या भेदाचा जून टँगनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्ताराने अभ्यास केला. 'मी वाईट केले' ही अपराधभावना भरपाईकडे वळविते. 'मी वाईट आहे' ही लज्जा लपणे, नाकारणे आणि दुसऱ्यावर संतापणे यांकडे वळविते. मानखंडनेची शिक्षा नेमकी ही दुसरी भावना जागृत करते. म्हणूनच तिच्यानंतर वर्गात शांतता येते, पण पश्चात्ताप येत नाही.

५. भारतीय परिस्थिती आणि कायदा

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २००९–१० मध्ये सात राज्यांत केलेल्या पाहणीत ६,६३२ मुलांपैकी केवळ ९ मुलांनी आपणास कोणतीही शिक्षा झाली नसल्याचे सांगितले. 'तुला शिकता येणार नाही' अशा अर्थाचे बोल ऐकावे लागलेल्या मुलांचे प्रमाण ८१.२ टक्के होते. छडी खाणाऱ्यांपेक्षाही हे प्रमाण अधिक होते.

या आकड्यांमागे आणखी एक सत्य आहे. मानखंडना सर्व मुलांवर सारखी पडत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या शालेय जीवनाविषयी लिहिताना वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसण्याचा आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाण्यावाचून राहण्याचा उल्लेख केला आहे. ती कोणत्याही अपराधाची शिक्षा नव्हती. ज्या समाजात काही मुलांचा अपमान अपराधावाचूनही होत आला, तेथे शिक्षकाच्या हाती अपमानाचे अधिकृत साधन देणे म्हणजे जुन्या विषमतेला नवा परवाना देणे होय.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय संहितेतील अनुच्छेद २८ नुसार शालेय शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत असली पाहिजे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये दिल्लीच्या शालेय नियमांतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. आयोगाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत उपरोध, नावे ठेवणे, जात वा पालकांचा व्यवसाय यांवरून हिणविणे, इतकेच नव्हे तर प्रगतीस प्रवृत्त करण्यासाठी लाजविणे यांचाही समावेश मानसिक छळात केला आहे. या कायद्याचे 'बालक' ६ ते १४ वर्षांचे आहे. त्यामुळे नववी-दहावीची पुष्कळ मुले त्याच्या शब्दांबाहेर राहतात. बाल न्याय कायदा, २०१५ याचे कलम ७५ ही उणीव अंशतः भरून काढते. परंतु मानाची जाणीव सर्वांत तीव्र असते ती याच वयात, हे शाळांनी स्वतःहून ओळखले पाहिजे.

६. पर्यायाचा प्रश्न

शिक्षकांची एक तक्रार रास्त आहे. कायद्याने छडी काढून घेतली, टोमणाही काढून घेतला. पण हाती काय दिले? शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर ३० आणि उच्च प्राथमिक स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरविले आहे. जेथे वर्ग याच्या दुपटीचा असतो तेथे एकांतात समज देण्यास सवड कोठून मिळणार? लँकेस्टरची टोपली ही क्रौर्यातून कमी आणि गर्दीतून अधिक जन्मली होती. म्हणून मानखंडनेचा निषेध करणाऱ्याने पटसंख्येचा प्रश्नही आपला मानला पाहिजे.

तरीही दिशा स्पष्ट आहे. ज्याँ पियाजे यांनी १९३२ मध्ये प्रायश्चित्तरूप शिक्षा आणि परस्परतेवर आधारलेली शिक्षा असा भेद केला. पहिलीत अपराध आणि शिक्षा यांचा अंगभूत संबंध नसतो. दुसरी कृतीच्या परिणामातूनच निघते. भिंत खराब करणाऱ्याने ती पुसावी. खेळ बिघडविणाऱ्याने तो डाव बाहेर बसावे. गृहपाठ न करणाऱ्याने तो शाळेत बसून पुरा करावा. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या द्वारे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भय व शिक्षा यांपासून मुक्त अशा बालशिक्षणाचा पुरस्कार केला होता, त्यामागेही हीच दृष्टी होती.

कोणतीही शिक्षा योजण्यापूर्वी शिक्षकाने चार प्रश्न विचारावेत. ती कृतीविषयी आहे की व्यक्तीविषयी? प्रेक्षक नसते तरी तिला काही अर्थ उरला असता काय? तिचा शेवट केव्हा होतो हे मुलाला ठाऊक आहे काय? आणि दुर्बळ घरच्या मुलाला दिली तशीच ती प्रतिष्ठिताच्या मुलालाही दिली गेली असती काय? या कसोटीला मानखंडनेची शिक्षा एकाही ठिकाणी उतरत नाही.

सारांश, शालेय शिस्तीत निषेधाला, परिणामाला आणि भरपाईला स्थान आहे, मानखंडनेला नाही. कारण ती कठोर आहे एवढेच नव्हे. शाळेने ज्याच्या आधारावर मुलाला घडवावयाचे तो आत्मसन्मानच ती खर्ची घालते, आणि उरलेल्या वर्गाला, जो काहीही न करता केवळ पाहत असतो, दुर्बळाच्या अपमानात हसावयास शिकविते. शिक्षा भोगणारा एक असतो; हा दुसरा धडा सर्वांना मिळतो.