कुंपणाविना राखलेली हद्द

शेताचा बांध कोणी हातभर कोरला की गावात काय घडते, हे आपण सारे जाणतो. मोजणी आहे, सातबारा आहे, तरी वाद मिटत नाहीत. रानातील प्राण्यांजवळ यांपैकी काहीच नसते आणि तरीही त्यांच्या हद्दी असतात.

येथे दोन संज्ञांतील भेद ध्यानी घ्यावा. अन्न, पाणी, निवारा व पिलांसाठी प्राणी नित्य ज्या प्रदेशात फिरतो, ते त्याचे वावरक्षेत्र. त्यातील जो भाग तो स्वजातीयांपासून राखतो, ती त्याची हद्द. विल्यम बर्ट या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये हा भेद स्पष्टपणे मांडला.

हद्द राखण्यासाठी प्राणी सहसा झुंजत नाहीत. जखमी वाघ शिकारीला मुकतो. म्हणून तो झाडांच्या बुंध्यांवर मूत्राचे फवारे मारतो, नखांचे ओरखडे काढतो. ताजा गंध आला की परका बहुधा वाट बदलतो. परंतु गंध विरतो, आणि मालकाला पुन्हा फेरी घालावी लागते. दोन शेजाऱ्यांच्या फेऱ्या जेथे एकमेकींना अडवतात, तेथे सीमा उमटते. तीही स्थिर नसते.

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात हे ठळकपणे दिसले. तेथील वस्त्यांत राहणाऱ्या कोल्ह्यांवर संशोधक अनेक वर्षे लक्ष ठेवून होते. १९९४ मध्ये खरजेची साथ आली आणि बहुतेक कोल्हे दगावले. मालक गेल्यावर काही दिवसांतच शेजारी आत शिरत. वाचलेल्यांची क्षेत्रे पसरत गेली.

आपल्याकडे मात्र जागा अशी सहज रिकामी होत नाही. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याचे क्षेत्र जेमतेम १४८ चौरस किलोमीटर. तेथील एक तरुण वाघ जून २०१९ मध्ये बाहेर पडला. गळ्यातील रेडिओ कॉलरमुळे त्याचा माग कळत राहिला. शेते, नाले, रस्ते ओलांडत, सुमारे १३०० किलोमीटर चालून तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याला 'वॉकर' हे नाव पडले. अशा वाघाला आपण 'वाट चुकलेला' म्हणतो. आम्हांस हा शब्द अन्यायाचा वाटतो. तो स्वतःची जागा शोधत होता.

ज्ञानगंगेत त्याला भक्ष्य मिळाले, वावरक्षेत्रही मिळाले. हद्द मात्र कोणाविरुद्ध राखावी? त्याच्या खुणा वाचणारा दुसरा वाघ, वा वाघीण, त्या रानात नव्हती.