परीक्षा नागरिकत्वाची

श्रोतेहो, परीक्षा म्हटली की आपल्यापुढे शाळेतला बाक, शाईचा डाग आणि घंटेचा ठोका उभा राहतो. परंतु जगात एक परीक्षा अशी आहे की, तिला बसणारा विद्यार्थी चाळिशी-पन्नाशीचा असतो, घरी त्याचीच मुले त्याचा अभ्यास घेतात आणि पास झाल्यावर त्याला बक्षीस म्हणून एक देश मिळतो. अमेरिकेच्या नागरिकत्वाची ही परीक्षा. आपल्या कितीतरी गावांतली मुलेमुली आज तिकडे आहेत. तेव्हा ही परीक्षा असते कशी, आणि तिची धास्ती घेतलेल्या माणसाची तयारी घरच्यांनी कशी करून घ्यावी, हे आज पाहू.

गोष्ट २०१९ सालची. माझा मामेभाऊ न्यू जर्सीत असतो. तो तिथला नागरिक झालेला. आमच्या वहिनी खटाव तालुक्यातल्या. नागरिकाच्या पत्नीला किंवा पतीला तिथे कायम वास्तव्याचा परवाना मिळून तीन वर्षे झाली की अर्ज करता येतो. इतरांना साधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते. वहिनींनी अर्ज केला, आणि मग त्यांची झोप उडाली. एका रविवारी फोनवर म्हणाल्या, “भाऊजी, मला सगळं येतं हो. पण ह्यांनी प्रश्न विचारला की जीभ टाळ्याला चिकटते.”

आता परीक्षेचे स्वरूप सांगतो. पेपर नाही, बाक नाही. सरकारी अधिकाऱ्यासमोर एकट्याने बसायचे. नवऱ्याने बाहेर थांबायचे. आधी उजवा हात वर करून खरे बोलण्याची शपथ. मग अर्जातल्या माहितीवर प्रश्न. त्या बोलण्यातूनच तुमचे इंग्रजी जोखले जाते. तीन वाक्यांपैकी एक नीट वाचून दाखवायचे आणि तीनपैकी एक ऐकून लिहायचे. शेवटी राज्यकारभार आणि इतिहास यांवर तोंडी प्रश्न. वहिनींच्या वेळी शंभर प्रश्नांची यादी होती. त्यांतले दहापर्यंत विचारीत आणि सहा बरोबर आले की पास. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ही यादी १२८ प्रश्नांची झाली आहे. त्यांतले वीसपर्यंत विचारतात आणि बारा बरोबर यावे लागतात. गंमत अशी की प्रश्न आणि उत्तरे सरकार आधीच छापून देते. म्हणजे पेपर फुटलेलाच असतो म्हणा ना!

मग भीती कशाची? श्रोतेहो, भीती प्रश्नांची नसतेच. भीती असते ती परक्या भाषेत, परक्या माणसासमोर, एकटे बोलण्याची. आणि आमच्या दादाने त्या भीतीला खतपाणीच घातले होते. रोज रात्री जेवणे झाली की तो यादी घेऊन बसे आणि पहिल्या प्रश्नापासून क्रमाने विचारी. वहिनी अडखळल्या की अर्ध्यातच उत्तर सांगून मोकळा होई, वर “कालच तर सांगितलं होतं!” असेही म्हणे. आठवड्याभरात वहिनी यादी पाहिली की भांडी घासायला उठू लागल्या. दादाचा हेतू वाईट नव्हता. पण नवरा शिक्षक झाला की घराची शाळा होते, आणि त्या शाळेला सुट्टीच नसते.

मी दादाला म्हटले, “आधी तिला मराठीत समजू दे. इंग्रजी मागाहून.” कारण जे समजले आहे तेच घाबरलेल्या माणसाला आठवते, नुसते पाठ केलेले आधी पळून जाते. अमेरिकेच्या काँग्रेसची दोन सभागृहे आहेत, हे वहिनींना पाठ करावे लागू नये; आपल्याकडे लोकसभा आणि राज्यसभा आहेतच. सिनेटरची मुदत सहा वर्षे, तशीच आपल्या राज्यसभेच्या सदस्याचीही. फरक मात्र ध्यानात ठेवायचा. तिथे लहानमोठ्या प्रत्येक राज्याला दोनच सिनेटर, म्हणून पन्नास राज्यांचे शंभर; आपल्याकडे लोकसंख्येच्या मानाने जागा कमीजास्त, महाराष्ट्राच्या एकोणीस. तिथली राज्यघटना १७८७ सालची. तिचे पहिले शब्द कोणते, हा तेव्हाच्या यादीतला नेहमीचा प्रश्न. ‘आम्ही लोक’, हे त्याचे उत्तर. आपल्या संविधानाची सुरुवातही ‘आम्ही, भारताचे लोक’ अशीच. हे सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, “अगंबाई, म्हणजे हे आपलंच की!”

एका प्रश्नावर मात्र त्या हटकून अडत. अमेरिकेत यादवी युद्ध झाले त्याचे एक कारण सांगा. मी विचारले, “वहिनी, तुमच्या तालुक्यात कटगुण आहे ना?” “आहे की. महात्मा फुल्यांचं मूळ गाव.” “त्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं. ते अर्पण कोणाला केलं ठाऊक आहे? अमेरिकेतल्या लोकांना. त्यांनी आपल्याकडच्या गुलामांना मुक्त केलं म्हणून.” लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १८६३ सालचा आणि गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती १८६५ सालची. त्या दिवसापासून वहिनी तो प्रश्न चुकल्या नाहीत.

यानंतर दादासाठी आम्ही काही नियम ठरविले. प्रश्न क्रमाने विचारायचे नाहीत. आज विसावा तर उद्या तिसरा. एका वेळी पाचच, आणि तेही पोळ्या लाटताना किंवा गाडीतून जाताना. उत्तर येईपर्यंत मनात दहा अंक मोजायचे, मध्ये बोलायचे नाही. शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एकदा शेजारच्या बाईंनी अधिकारी व्हायचे. त्या मराठी न जाणणाऱ्या. दारावर टकटक, हात वर करून शपथ, सगळे साग्रसंगीत. पहिल्या वेळी वहिनींची बोबडी वळली. चौथ्या वेळी त्यांनी अधिकाऱ्याला चहा विचारला.

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम: जे समजले नाही त्याला ‘येस’ म्हणायचे नाही. घाबरलेला माणूस मान डोलावतो, ही आपली जुनी खोड. अर्जावरच्या प्रश्नांत ‘तुम्ही कधी गुन्हा केला आहे काय’, ‘आपण नागरिक आहोत असे कधी खोटे सांगितले आहे काय’ असेही प्रश्न असतात. तिथे भीतीपोटी ‘हो’ म्हटले तर केवढा घोटाळा! म्हणून वहिनींनी सर्वांत आधी एकच इंग्रजी वाक्य पक्के केले. ‘समजले नाही, कृपया पुन्हा विचारा.’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. अधिकारी प्रश्न पुन्हा विचारतो, शब्द बदलूनही विचारतो.

नापास झाले तरी आभाळ कोसळत नाही. ज्या भागात चूक झाली तेवढ्याच भागाची परीक्षा साठ ते नव्वद दिवसांत पुन्हा घेतात. वयाने पन्नास आणि परवाना मिळून तिथे वीस वर्षे, किंवा पंचावन्न आणि पंधरा वर्षे झालेल्यांना इंग्रजीची सूट असते. राज्यकारभाराचे प्रश्न दुभाष्या घेऊन मराठीतही देता येतात. पासष्ट वर्षांवरच्या आणि वीस वर्षे तिथे काढलेल्या वडीलधाऱ्यांना तर निवडक वीसच प्रश्नांचा अभ्यास पुरतो.

वहिनी पास झाल्या. सहा उत्तरे बरोबर येताच अधिकारी थांबला. आनंदाने फोन आला, पण बोलता बोलता त्या गप्प झाल्या. परदेशाचे नागरिकत्व घेतले की आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे भारताचे नागरिकत्व संपते. मग प्रवासी भारतीयाचे कार्ड मिळते, येणेजाणे सुखाचे होते, पण मतदान करता येत नाही. “भाऊजी, गावच्या यादीतून माझं नाव आता जाणार,” त्या म्हणाल्या. मला वाटते, त्यांची जीभ अडखळे त्यात याही गोष्टीचा थोडा वाटा असावा. दादाने त्या एवढ्या रात्रींत शंभर प्रश्न विचारले; हा एक विचारायचा राहिला होता. तोही तयारीचाच भाग आहे. घाबरलेल्या माणसाला उत्तरे सांगण्याआधी, त्याच्या मनात काय आहे ते विचारावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, तपासणीच्या दिवशी तोंडी प्रश्नाला मुका होणारा मुलगा तुमच्याही वर्गात असेल. त्याला येत नाही असे समजू नका. दहा अंक मोजा, आणि थांबा.