झेंडे मोजले, चेन कोणी बघितली नाही

बेळगावातल्या आमच्या रायडिंग क्लबात मराठी, कन्नड, कोंकणी आणि दख्खनी उर्दू अशा चार भाषा चालतात. आठवडाभर मी लॅपटॉपसमोर कोड लिहितो. रविवारी पहाटे बुलेट सुरू झाली, की डोक्यावरचं ओझं उतरतं. आम्ही सगळे या मोकळेपणासाठीच एकत्र आलो. भाषा, पक्ष, जात घरी ठेवून यायचं, हा आमचा पहिला नियम. तो नियम मीच कसा मोडला, त्याची ही गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी १५ ऑगस्टची राईड ठरली. आंबोली घाट उतरून, दाणोली-बांदामार्गे पत्रादेवीला जायचं होतं. पत्रादेवीच का, हे आपल्या पिढीतल्या अनेकांना माहीत नसतं. १५ ऑगस्ट १९५५ ला देश स्वतंत्र होऊन आठ वर्षं झाली होती, पण गोव्यात अजून पोर्तुगीजांचं राज्य होतं. त्या दिवशी देशभरातून आलेले नि:शस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गोव्यात शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेला कर्नेलसिंग हा तरुण शिक्षक तिथेच पडला. गोवा मुक्त व्हायला पुढे १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. आज पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे.

ग्रुपचा ॲडमिन मी. आठवडाभर आधी मी मेसेज टाकला, "प्रत्येक गाडीला तिरंगा हवाच. झेंडा नाही तर राईड नाही." सगळ्यांचे अंगठे आले. एकट्या आमच्या स्वीपचा आला नाही.

स्वीप म्हणजे ताफ्यात सगळ्यांत शेवटी चालणारा. पुढचा लीड रस्ता दाखवतो आणि मागचा स्वीप कोणी मागे राहत नाही ना, हे बघतो. आमचा स्वीप गॅरेज चालवतो. त्याच्या बॅगेत पंक्चर किट, क्लच केबल, चेनचं लॉक, सगळं असतं.

मी त्याला फोन केला.

"येतो की मी. पण गाडीला झेंडा लावणार नाही."

"का रे?"

"ते सांगणार नाही. कारण सांगून सूट घ्यायची, तर ती परवानगी झाली की रे."

मला राग आला. इतक्या वर्षांचा मित्र, तरी मनात नको ती शंका आली. ग्रुपवर एकाने त्याच्या देशप्रेमाबद्दल टोमणा मारला. तो मेसेज मला काढून टाकता आला असता, पण मी काढला नाही. मग स्वीप आलाच नाही.

पहाटे चन्नम्मा सर्कलला चौदा गाड्या जमल्या. मी झेंडे मोजले, चौदा भरले. व्हिडिओ काढला आणि निघालो. आंबोलीत पाऊस आणि धुकं इतकं होतं, की पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा नीट दिसेना. घाट उतरून दाणोलीला चहासाठी थांबलो, तर गाड्या तेराच! सगळ्यांत लहान मुलगा मागे राहिला होता. नुकतंच इंजिनिअरिंग संपवून तो क्लबात आला होता. त्याचा फोन लागेना.

आम्ही दोघं परत वर गेलो. एका वळणावर चेन तुटलेली गाडी कडेला घेऊन तो अर्ध्या तासाहून जास्त वेळ उभा होता. धुक्यातून एसटी, ट्रक अगदी जवळून जात होते. गाडीचा झेंडा पाईपसकट चिखलात पडला होता. पोरगा थरथरत म्हणाला, "दादा, मला वाटलं, मागून स्वीप येईलच. मग आठवलं."

सकाळी मी चौदा झेंडे तपासले होते. चेन एकाचीही बघितली नव्हती.

त्या रात्री मी ध्वजसंहिता वाचली. ती आधी वाचायला हवी होती, पण डॉक्युमेंटेशन न वाचता कोड चालवायची आमच्या लोकांची खोडच आहे! मोटारीवर राष्ट्रध्वज लावण्याचा मान राष्ट्रपती, राज्यपाल, पंतप्रधान, मंत्री अशा ठरावीक पदांनाच आहे. झेंडा जमिनीला लागू द्यायचा नाही. आम्ही देशप्रेम दाखवायला गेलो आणि झेंड्याचाच मान राखला नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकालही वाचले. मानाने तिरंगा फडकवणं हा नागरिकाचा हक्क आहे, असं २००४ चा निकाल सांगतो. दुसरा १९८६ चा. केरळमधली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकलं होतं. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. झेंडा फडकवायचा हक्क आहे, तसंच कुणाला बळजबरीने गायला लावायचं नाही, हेही आपल्याच देशाचं म्हणणं आहे.

मग क्लबाने सक्ती कशाची करावी? हेल्मेटची करावी. दारू न पिण्याची, रांगेत अंतर ठेवण्याची करावी. माझ्या चुकीने दुसऱ्याचा जीव जात असेल, तिथे नियम हवाच. पण कुणाच्या मनात किती देश आहे, हे मोजायचं काम ॲडमिनचं नाही. पत्रादेवीला गेलेल्यांना कुणी सक्ती केली नव्हती. ते स्वतःहून चालत गेले, म्हणून तर आपण तिथे मान झुकवतो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेलो आणि माफी मागितली. तो त्याच पोराची गाडी खोलून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "चेन किती सैल होती, बघितलीस काय?" मग चहा मागवला. संध्याकाळी ग्रुपवर मी सगळ्यांसमोर माझी चूक लिहिली.

आता १५ ऑगस्टला निघण्याआधी ब्रेक, चेन आणि दिवे तपासतो. गाडीला झेंडा कुणीच लावत नाही. स्मारकापाशी हेल्मेट काढून सगळे उभे राहतो. तोही असतो, सगळ्यांत मागे, नेहमीच्या जागी. त्याने कारण अजून सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.