गालिचा घेण्याआधी उलटून पाहा



दिवाळी जवळ आली की घराला रंग लागतो आणि बैठकीच्या खोलीत काहीतरी नवे अंथरावे असे सर्वांनाच वाटू लागते. गेल्या पालकसभेनंतर दोन-तीन मातांनी आम्हाला विचारले, "सर, गालिचा कोणता घ्यावा?" मुख्याध्यापकाला हा प्रश्न का, असे क्षणभर वाटले. पण शाळेच्या सभागृहात लाल गालिचा बसवण्याचा प्रस्ताव सध्या विश्वस्त मंडळापुढे आहे, आणि गालिच्याच्या बाबतीत आम्ही पूर्वी एकदा चांगलेच फसलो आहोत. म्हणून हे लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी बालवर्गाच्या खोलीत आम्ही मोठ्या हौसेने जाड, मऊ, निळा गालिचा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चिकटवून घेतला. दुकानदार म्हणाला होता, हा धुवावाच लागत नाही. खरे म्हणजे तो धुताच येत नव्हता! खाली शहाबादी फरशी. आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातला हा दगड उन्हाळ्यात पायाला थंडावा देतो, पण पावसाळ्यात जमिनीची ओल त्याच्या सांध्यांतून वर येते. वरून मुलांच्या पायांची माती आणि डब्यातली सांडलेली आमटी. पोळ्याच्या सुमारास खोलीत कुबट वास येऊ लागला. दोन मुलांचा खोकला हटेना. मैदानावर बसवले की तो कमी होई, ही गोष्ट आमच्या नव्हे, एका मुलाच्या आजीच्या लक्षात आली. कोपरा उचलून पाहिला तर खाली काळी बुरशी. त्याच दिवशी गालिचा काढला.

त्या दिवसापासून अंथरायची कोणतीही वस्तू घेताना आमचा पहिला प्रश्न एकच असतो: ही उचलून, झटकून, उन्हात टाकता येईल का? बीदरची लाल माती असो की भालकी-औरादची काळी, ती चपलांबरोबर घरात येतेच. गालिच्याच्या उभ्या लवीत ही धूळ खोल जाऊन बसते, आणि धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे दम्याच्या माणसाला त्रास देतात. सपाट विणीच्या सतरंजीत धुळीला दडायला जागा कमी. शिवाय ती दोन्ही बाजूंनी वापरता येते, आणि मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर गेला तरी सुती असल्याने अंगाला टोचत नाही.

(आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्ही शिपायाला "वर्गात दरी टाका" असे सांगितले, तेव्हा तो बिचारा आमच्याकडे बघतच राहिला. मराठीत दरी डोंगरात असते!)

सतरंजीसाठी फार लांब जायला नको. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदचा जमखाना प्रसिद्ध आहे. तो तिथल्या बायका उभ्या मागावर सुताने विणतात आणि त्यावर मोर काढतात. त्याला भौगोलिक मानांकन आहे, तरी विणणारे हात आता थोडेच उरले आहेत. पूर्वी आपल्याबरोबर हैदराबाद संस्थानात असलेल्या वरंगळच्या सतरंज्यांनाही 2018 मध्ये हे मानांकन मिळाले. घरात वृद्ध असतील तर थंडीत त्यांच्या बसण्याखाली धनगरी घोंगडी उत्तम. चिंचोक्याची खळ दिल्यामुळे ती सुरुवातीला कडक लागते, वापराने मऊ होते. फक्त लोकरीला कसर लागते, म्हणून ठेवताना कडुनिंबाचा पाला घालावा आणि अधूनमधून ऊन दाखवावे.

तरीही कोणाला लवीचा गालिचाच हवा असेल तर जरूर घ्यावा, पण दुकानात तो उलटून पाहावा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवरही पुढची नक्षी स्पष्ट दिसते, आणि त्याची झालर ही त्याच्याच ताण्याची टोके असतात, वरून शिवलेली नसते. पाठीला कापड चिकटवलेले असेल तर तो गाठींचा नव्हे. तसा घेऊ नये असे नाही, पण गाठींच्या गालिच्याचा भाव देऊ नये. एक धागा मागून घ्यावा व घरी मोठ्यांनी जाळून पाहावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, सूत कागदासारखे जळते, कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. ओल्या पांढऱ्या रुमालाने रंगही घासून पाहावा.

पाठीवर आणखी एक गोष्ट पाहायची, आणि शाळा म्हणून आम्हाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यात गालिच्याच्या मागांवर लहान मुले बसवली जात. 1986 च्या कायद्याने या कामावर 14 वर्षांखालील मुलांना ठेवण्यास मनाई झाली, तरी प्रकार थांबले नाहीत. कैलाश सत्यार्थी यांनी अशा मुलांना सोडवण्याचे काम केले. त्यांना 2014 मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, हे आपल्या मुलांना पाठ असते. 1994 मध्ये त्यांच्याच पुढाकारातून 'रगमार्क' हे चिन्ह सुरू झाले. आता त्याचे नाव 'गुडवीव्ह' आहे. मागांची अचानक तपासणी होते आणि गालिच्याला क्रमांकाची चिठ्ठी लागते. दुकानदाराला ती चिठ्ठी मागावी. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत ती नसेल, पण चार गिऱ्हाइकांनी विचारले तर पाचव्याच्या वेळी दुकानदार माल भरताना विचार करील.

सभागृहाबाबत आमचे मत विश्वस्तांपुढे स्पष्टपणे मांडतो. चिकटवलेला लाल गालिचा पाहुण्यांना छान दिसेल, पण पाहुणे वर्षातून दोनदा येतात आणि मुले रोज प्रार्थनेला तिथेच बसतात. तेवढ्याच पैशांत सुती सतरंज्या घ्याव्यात. दोन मोठ्या मुलांना एक गुंडाळता येईल एवढीच त्यांची लांबी असावी. दर महिन्याला शेवटच्या शनिवारी त्या मैदानावर उन्हात पडतील.

सतरंजी, घोंगडी आणि गालिच्याचे तुकडे आम्ही कार्यालयात आणून ठेवले आहेत. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शाळेच्या वेळात कोणीही यावे, हात लावून, उलटून पाहावे. बालवर्गातल्या त्या निळ्या गालिच्याचाही एक तुकडा आम्ही जपून ठेवला आहे. तोही तिथेच आहे.