हलक्या गाडीचा नाद

माझ्या भाच्याच्या दारात दोन मोटारी उभ्या असतात आणि दोन्हींत मिळून माणसे बसतात चार. हे गणित माझ्या बहिणीला आजवर उलगडलेले नाही. "तेवढ्या पैशात एक ऐसपैस गाडी आली असती," असे ती दर फोनला म्हणते, आणि भाचा तिकडून दर वेळी "हो आई" म्हणतो.

भाचा असतो इंग्लंडात, शेफील्डला. गेल्या वर्षी जूनमध्ये मी आणि सौ. तीन आठवडे त्याच्याकडे राहून आलो, तेव्हा हे दोन आसनी प्रकरण जवळून पाहायला मिळाले. दोन्ही गाड्या माझदा कंपनीच्या, दोन्हींचे नाव एकच, एमएक्स-५. एक १९९० सालची, लाल. दुसरी २०१६ सालची, करडी. जुनीचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बॉनेटमधून वर येतात आणि काम झाले की पुन्हा आत जातात. सौ.ला ते इतके आवडले की पहिल्या दिवशी तिने भाच्याला पाच वेळा लावायला-मिटायला लावले.

या गाडीचा वंश मात्र जपानी नाही, अस्सल विलायती आहे. पन्नास-साठच्या दशकांत इंग्रजांनी छोट्या, उघड्या, हलक्या मोटारींचे मोठे वेड जोपासले. एमजी, ऑस्टिन-हीली स्प्राइट, ट्रायम्फ स्पिटफायर ही त्यातली नावे. सगळ्यांत नामी म्हणजे १९६२ साली आलेली लोटस एलान. कॉलिन चॅपमन हा तिचा कर्ता. गाडीतून अनावश्यक ते सारे काढून टाकायचे, हे त्याचे तत्त्व. एलानच्या पोटात पोलादी पत्र्याचा एकच कणा, त्यावर फायबरग्लासची काया आणि वजन सातशे किलोच्या आत! त्या काळी इंग्लंडात तयार मोटारीवर खरेदी-कर बसे, सुट्या भागांच्या संचावर बसत नसे. म्हणून मंडळी खोक्यांतून लोटस घरी आणत आणि सुट्टीच्या दिवशी गॅरेजात स्वतः जोडत. १९७३ मध्ये व्हॅट आला, तो खरेदी-कर गेला आणि ती गंमतही संपली.

पुढे एकेक करून या गाड्या बंद पडल्या. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने १९७९ साली माझदाच्या केनिची यामामोटो यांना सुचवले, की तसली साधी, उघडी गाडी आता कुणीच बनवत नाही, तुम्ही बनवा. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या प्रदर्शनात ती गाडी उभी राहिली. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, अशा अर्थाचा एक जपानी शब्दप्रयोग तिच्या कर्त्यांनी समोर ठेवला होता. सायलेन्सरचा आवाज कसा असावा यासाठीही त्यांनी कितीतरी गाड्यांचे आवाज ऐकून पाहिले म्हणे. २०१६ साली दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्याबाहेर पडली. दोन आसनी गाडीला हा आकडा म्हणजे चमत्कारच.

आता वजनाचे. आपल्याकडची प्रीमियर पद्मिनी आठवते ना? कुर्ल्याच्या कारखान्यातली, सहा माणसे आणि वर एक पेटी घेऊन लोणावळ्याला जाणारी? तिचे वजन नऊशे किलोच्या आसपास. भाच्याची लाल गाडी साडेनऊशेच्या आसपास. पण पद्मिनीला चाळीसएक घोडे ओढत, हिला एकशे पंधरा ओढतात. शिवाय इंजिन पुढे असूनही बरेचसे मागे सरकवलेले, बॅटरी डिकीत टाकलेली, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांवर भार जवळजवळ सारखा. गाडी हलकी असली की तिला थांबवायला ब्रेक लहान पुरतात, वळवायला टायर अरुंद चालतात, आणि ते लहान-अरुंद असल्याने गाडी आणखी हलकी होते. हे चांगल्या अर्थाने दुष्टचक्र आहे!

भाच्याने ही लाल गाडी सहा वर्षांपूर्वी घेतली आणि घेतल्या घेतल्या बिघडवली. हे त्याचेच शब्द. गाडी जमिनीला टेकलेली दिसावी म्हणून आखूड, ताठ स्प्रिंगा बसवल्या. पाहणारे थबकू लागले, पण खड्डा आला की स्प्रिंगेला दबायला जागाच उरेना, गाडी टणकन आपटे आणि वळणावर चाके उड्या मारत. वर्षभराने त्याने मूळ उंचीच्या स्प्रिंगा परत घातल्या, शॉकअ‍ॅबसॉर्बर मात्र उत्तम प्रतीचे घेतले, टायर चांगले घेतले. "मामा, आधी टायर," तो म्हणाला. "रस्त्याला गाडी तेवढीच चिकटलेली असते. बाकी सगळं त्यानंतर." मग आसनांच्या मागे पोलादी कमान बसवली, उघडी गाडी उलटली तर डोके वाचावे म्हणून. यातला प्रत्येक बदल विमा कंपनीला लिहून कळवावा लागतो. आपल्याकडे तर मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली बजावले. तेव्हा हा लेख वाचून कुणी उत्साहाने पाना हाती घेणार असेल, तर आधी आर.टी.ओ.त विचारून यावे.

यानंतर त्याच्या मनात टर्बो भरला. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो आणि घोडे वाढवतो. पण घरात नवा सोफा आणला की पडदे जुने दिसू लागतात, तसे इथेही. घोडे वाढले की क्लच पुरत नाही, रेडिएटर तापतो, ब्रेक कमी पडतात, आणि एकेक मोठा भाग बसवता बसवता गाडीचे अंग जड होते. तरी पोराने दोन वर्षे पैसे साठवले.

आणि गाडी वार्षिक तपासणीत नापास झाली! दारांखालून जो पत्र्याचा पन्हाळीसारखा भाग जातो, त्याच्या मागच्या टोकाला तपासनिसाने बोट दाबले तर ते आत गेले. कापडी टपावरचे पाणी वाहून जायला दोन्ही बाजूंना नळ्या असतात. आधीच्या कुठल्या तरी मालकाने त्यात साचलेला पालापाचोळा वर्षानुवर्षे काढलाच नव्हता. पाणी आत मुरले, पत्रा आतून खाल्ला गेला, आणि विकताना कुणीतरी त्यावर लांबी भरून छान रंग मारून दिला होता. हा भाग म्हणजे गाडीची बरगडी. तो गेला की इंजिन कितीही दणकट असो, काय उपयोग? टर्बोचे पैसे नवा पत्रा कापून जोडण्यात गेले. "तेव्हा रडू आलं होतं," भाचा म्हणाला. आता दर पावसाळ्याआधी, म्हणजे तिकडे दर महिन्याला म्हणा ना, तो त्या नळ्यांत लवचीक तार घालून बसतो.

नवी करडी गाडी खरे तर सूनबाईंची. त्या रुग्णालयात काम करतात, रात्री-अपरात्री जातात, म्हणून भरवशाची गाडी हवी. मी दोन्हींत बसलो आणि माझे मत स्पष्ट सांगतो. गाडी म्हणून नवीच सरस. छब्बीस वर्षांत जगातल्या सगळ्या मोटारी पोट सुटल्यासारख्या फुगल्या, पण ही लांबीला जुनीपेक्षा दोन-तीन बोटे कमीच आहे, आणि वजन हजार किलोच्या आसपास रोखून धरले आहे. हवेच्या उशा आहेत, घसरताना सावरणारी यंत्रणा आहे. तिला भाच्याने काहीही केलेले नाही. "हिला काय करायचं? हिची सगळी कामं तिथल्या माणसांनी आधीच करून ठेवलीत."

मग जुनी कशाला? ते स्नेक पासच्या घाटात कळले. शेफील्डहून ग्लॉसपला जाणारा हा रस्ता, डावी-उजवी वळणे, आधी जलाशय, मग उघडे माळ. टप मागे टाकलेला. गाडीचे चाक हातात थरथरत होते. कुठे रस्ता ओला, कुठे खडबडीत, हे त्या चाकातून नव्या गाडीपेक्षा कितीतरी उघड कळते. मी भीत भीत काट्याकडे पाहिले, तर ताशी चाळीस मैल! मला वाटले होते सत्तर. भाचा हसला. "हीच तर गंमत, मामा. दंड न भरता."

परतताना तो जरा गप्प होता. मग त्याने सांगितले की सूनबाईंना दिवस गेले आहेत. बाळाची खुर्ची मागे बसवायची, तर दोन्ही गाड्यांना 'मागे' हा भागच नाही. एक विकावी लागणार. जुनीचे मोल बाजारात थोडे, तिच्यात घातलेले परत येणार नाही. नवीचे पैसे मात्र बरे येतील. पण नवी बायकोची, आणि ती तिची लाडकी. त्याने अजून विषयच काढला नव्हता.

त्या रात्री जेवताना सूनबाईंनीच तो काढला. भात वाढता वाढता म्हणाल्या, "करडी काढून टाकू या. तशी पुन्हा घेता येईल. लाल गाडीत याने जे केलंय, ते कुठल्या दुकानात मिळणार?" भाच्याचा घास हातातच राहिला.

"पण एक," त्या पुढे म्हणाल्या, "शनिवारी किल्ली माझ्याकडे. आणि तुमच्या त्या नळ्या साफ करायची तार कुठे असते, ते आजच दाखवून ठेवा."

जेवण झाल्यावर ती दोघे हातात बॅटरी घेऊन अंगणात गेली. आम्ही खिडकीतून पाहत होतो. थोड्या वेळाने लाल गाडीचे दिवे वर आले, मिटले, पुन्हा वर आले. सौ. म्हणाली, "बघा, मलाच नव्हतं आवडलं."