रात्री दहानंतरचा ॲम्प

इलेक्ट्रिक गिटार हातात आली की पुढचा प्रश्न ठरलेला, ॲम्प कुठला घ्यायचा? लगेच मित्रांचे सल्ले सुरू होतात. ‘छोटा नको घेऊस यार, निदान ४० वॅटचा तरी घे. उद्या गिग मिळाली तर?’ सल्ला देणाऱ्याचं काय जातंय! वन-बीएचकेमध्ये तो डबा घेऊन बसायचंय तुम्हाला. कॉलेज, क्लास, लोकलची गर्दी हे सगळं उरकून गिटार हातात येईपर्यंत साडेदहा वाजतात. आजोबा झोपलेले, धाकटीची परीक्षा, भिंतीपलीकडे शेजारच्या काकू. आवाज वाढवायची सोय नाही आणि कमी केला तर ॲम्प अगदी मिळमिळीत वाजतो. मग वाजवण्यातली मजाच जाते आणि दोनेक महिन्यांत गिटार कपाटावर चढते. म्हणून घरासाठी ॲम्प घेताना तो किती जोरात वाजतो हे सोडा. किती हळू चांगला वाजतो, ते बघा.

वॅटचं गणित

वॅट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दुप्पट वॅटने आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे स्पीकर सारखाच असेल, तर ५० वॅटच्या ॲम्पसमोर ५ वॅटचा ॲम्प साधारण निम्म्या आवाजाचा. घरात तोही भरपूर झाला. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांत (२०००) निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६.

‘छोटा म्हणजे शिकाऊ’ हाही गैरसमजच. एरिक क्लॅप्टनच्या बँडने १९७० मध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत ‘लैला’चा अल्बम रेकॉर्ड केला, तेव्हा फेंडर चॅम्प हा जेमतेम ५ वॅटचा ॲम्प वापरला होता. माइकला ॲम्पचा आकार दिसत नाही. त्याला फक्त आवाज ऐकू येतो.

फक्त एक सावधगिरी. असे व्हॉल्व्हचे ॲम्प चढवल्यावरच खुलतात आणि बंद खोलीत ५ वॅटही चढवले की दणदणतात. रात्रीच्या सरावाला डिजिटल मॉडेलिंग ॲम्प जास्त सोयीचा पडतो, कारण तो ‘फाटलेला’ आवाज आतल्या प्रोसेसिंगने तयार करतो.

दुकानातली परीक्षा

धोबी तलावला जा नाही तर तुमच्या गावातल्या दुकानात, जाताना स्वतःची गिटार घेऊन जा. दुकानदार हौसेने आवाज वाढवून दाखवेल. तुम्ही कमी करायला सांगा. शेजारी उभ्या मित्राशी नेहमीच्या आवाजात बोलता येईल, इतका कमी. आता तीन गोष्टी बघा.

एक, व्हॉल्यूमचं बटण. काही ॲम्पमध्ये शून्यावरून जरासं पुढे सरकवलं की आवाज एकदम उसळतो. घरात तुम्हाला तेवढाच टप्पा वापरायचाय. तो सावकाश, हवा तसा वाढायला हवा.

दोन, गेन आणि व्हॉल्यूम वेगवेगळे हवेत. गेनने आवाजाचा खरखरीतपणा ठरतो, व्हॉल्यूमने तो किती मोठा ते. दोन्ही वेगळे असले की हळू आवाजातही रॉक वाजवता येतं.

तीन, हेडफोन लावायची जागा. हेडफोन वायरवालाच वापरा. ब्लूटूथवर तार छेडल्यानंतर आवाज जरा उशिरा पोचतो आणि ताल हमखास चुकतो. गाण्यासोबत वाजवायचं असेल तर फोन जोडायची सोयही बघून घ्या.

कमी आवाजात खर्ज आणि वरचे सूर कानाला कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं. त्यामुळे रात्री सरावाला बेस थोडा वाढवलात तर हरकत नाही. पण त्याच सेटिंगवर रेकॉर्ड केलंत, तर सकाळी मोठ्याने ऐकताना सगळं घुमायला लागेल.

रेकॉर्डिंग करायचंय?

मग यूएसबीबद्दल नीट विचारा. यूएसबीचं भोक दिसलं म्हणजे रेकॉर्डिंग होणारच असं नाही. काही ॲम्पमध्ये ते नुसतं चार्जिंगसाठी असतं. ‘यातून ऑडिओ लॅपटॉपमध्ये जातो का?’ असा सरळ प्रश्न टाका. यामाहाची टीएचआर मालिका २०११ मध्ये आली ती टेबलावर ठेवून वाजवायला आणि यूएसबीने रेकॉर्ड करायला. पॉझिटिव्ह ग्रिडच्या स्पार्क मिनीवर मात्र यूएसबीवरून रेकॉर्डिंग होत नाही. ब्लॅकस्टारचा ३ वॅटचा फ्लाय बॅटरीवरही चालतो आणि हॉस्टेलच्या खोलीत सरावाला छान आहे.

ॲम्पच घ्यायला हवा असंही नाही. ऑडिओ इंटरफेस, हेडफोन आणि लॅपटॉपवरचं ॲम्पचं सॉफ्टवेअर एवढ्यावरही घरात उत्तम रेकॉर्डिंग होतं. इंटरफेसवर गिटारसाठीचं ‘इन्स्ट्रुमेंट’ इनपुट तेवढं हवं. शेजाऱ्यांना कळणारही नाही! अडचण एकच, सरावासाठी लॅपटॉप उघडला की स्केल्सच्या आधी रील्स सुरू होतात. रोज वीस मिनिटं वाजवायचंय त्याला एका बटणावर सुरू होणारा ॲम्प बरा. गाणी बनवायची आहेत त्याने आधी इंटरफेस घ्यावा.

घरी आणल्यावर

ॲम्प थेट फरशीवर ठेवू नका. खर्जाची थरथर फरशीतून खालच्या मजल्यावर उतरते. ॲम्प स्टुलावर, खाली घडी घातलेलं जुनं ब्लँकेट आणि तोंड तुमच्या कानाकडे. मग कमी आवाजही पुरतो. सतत ‘घूं’ असा आवाज येत असेल तर लगेच ॲम्पला दोष देऊ नका. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण गिटारचे पिकअप ओढून घेतात. लॅपटॉपचा चार्जर काढा, गिटार घेऊन जरा वळून बसा आणि प्लगला अर्थिंग आहे ना ते बघा.

आणि ती उद्याची गिग? बऱ्याच हॉलमध्ये ॲम्प असतो, नसेल तर भाड्याने मिळतो. रोजच्या सरावाचं तसं नाही, तो घरीच व्हायला हवा. घरातले झोपल्यावरही ज्याच्यावर हात ठेवावासा वाटेल, तो ॲम्प घ्या. मग तो ३ वॅटचा का असेना.