भाकरीचे प्रमाण आणि देहाचे वजन

जनावरांच्या वैरणीचे व पेंडीचे माप शेतकरी दररोज डोळ्यांत तेल घालून पाहतो. बैल नांगरास जुंपलेला असता त्यास जितके आंबोण घालतो, तितके तो दावणीस बसून असता कोणी घालीत नाही. परंतु हाच विवेक आपण स्वतःच्या ताटापाशी विसरतो. अलीकडे आपल्या जिल्ह्यातील बागायतदार बंधूंत पोट सुटणे, रक्तदाब व मधुमेह या तक्रारी सर्रास ऐकू येतात. वजन उतरविण्यास सांगितले गेले की अनेकजण पहिला घाव भाकरीवरच घालतात. आठ-पंधरा दिवस भाकरी बंद होते, मग भूक आवरेनाशी होते आणि पूर्वीपेक्षा अधिक खाणे सुरू होते. भाकरी न सोडता वजन कसे उतरवावे, याचा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

श्रम उतरले, माप राहिले

आपल्या वाडवडिलांच्या भाकरीचे माप त्यांच्या कामावरून ठरले होते. नऊ इंच रुंदीचे तास धरले, तर एक एकर नांगरताना नांगऱ्यास सुमारे ११ मैल, म्हणजे जवळजवळ १८ किलोमीटर चालावे लागते. साठ किलो वजनाच्या मनुष्याचे एवढ्या चालण्यात सपाट वाटेवरही सुमारे ८०० उष्मांक खर्च होतात; ढेकळांतून नांगर दाबून चालताना त्याहून अधिक. पुढे ट्रॅक्टर आला, मोटेच्या जागी विजेचा पंप आला, बांधापर्यंत मोटारसायकल जाऊ लागली. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्यावर प्रवरेच्या काठी ऊस वाढला आणि १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यावर हाती पैसाही आला. हे सर्व इष्टच झाले. मात्र श्रम कमी झाले तरी ताटातील भाकऱ्यांची संख्या पूर्वीचीच राहिली, आणि तिच्या जोडीस साखरेचा चहा, शेव-फरसाण व तेलाची तर्री यांची भर पडली.

भाकरीत काय असते?

ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३४ उष्मांक, १० ग्रॅम प्रथिने व १० ग्रॅम चोथा असतो. बाजरीत उष्मांक सुमारे ३४८, तर गव्हाच्या कणकेत ३२० असतात. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, की ज्वारी खाल्ल्याने आपोआप वजन उतरते, हा समज खरा नाही. भाकरीचा लाभ निराळ्या ठिकाणी आहे. तिला तेल लागत नाही. घडीच्या पोळीस लागते, आणि तेलाच्या एका लहान चमच्यात ४५ उष्मांक असतात. मैद्याच्या पावात चोथा फार थोडा, १०० ग्रॅम मैद्यात तीन ग्रॅमही नाही; म्हणून पाव झटपट गिळला जातो व लवकर पुन्हा भूक लागते. भाकरी चावावी लागते. शिवाय ज्वारीतील पिठूळ अंश तिच्यातील प्रथिनांच्या वेष्टणामुळे सावकाश पचतो. जामखेड-कर्जतकडील रब्बीची मालदांडी असो, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले वसुधा असो, वा पारनेरकडील बाजरी असो. हे अन्न टाकून देण्याजोगे नाही, मापून खाण्याजोगे आहे.

मोजमाप

घरोघरी भाकरीचा आकार निरनिराळा असतो. म्हणून प्रथम आपल्या घरच्या एका भाकरीस लागणारे पीठ तराजूत तोलून पाहावे. ते ६० ग्रॅम भरले, तर एका भाकरीत सुमारे २०० उष्मांक झाले. पीठ १०० ग्रॅम भरले, तर तीच एक भाकरी ३३४ उष्मांकांची होय. दोन्ही वेळां तीन-तीन लहान भाकरी खाणारा मनुष्य भाकरीतून १२०० उष्मांक घेतो. प्रत्येक वेळी एक कमी केली, तर दररोज ४०० व महिन्यास १२,००० उष्मांक वाचतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक, या हिशेबाने महिन्यात दीड किलो वजन उतरावे. प्रत्यक्षात थोडे कमी उतरते, कारण देहही आपला खर्च आखडता घेतो. परंतु सहा महिन्यांत फरक निश्चित दिसतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या सूचनांत दोन हजार उष्मांकांच्या आहारात धान्य सुमारे २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम असाव्यात, असे सांगितले आहे. म्हणजे साठ ग्रॅमच्या चार भाकरी दिवसास पुरेत, आणि उरलेली जागा मटकी, हुलगा, मेथी, शेपू, तांदुळजा, दोडका यांनी भरावी.

ज्यांस आपण सडपातळ आहोत असे वाटते, त्यांनीही गाफील राहू नये. २००४ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचाही २२.३ होता, परंतु देहातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. आपल्या लोकांची चरबी पोटात लपते, ती अशी. यास्तव सुतळीने आपली उंची मोजावी, ती सुतळी दुमडून निम्मी करावी व कमरेभोवती फिरवावी. टोके जुळली नाहीत, तर ताटाकडे लक्ष देण्याची वेळ आली, असे समजावे.

आचरणाचे नियम

१. भाकऱ्या किती खावयाच्या, हे पानावर बसण्यापूर्वी ठरवावे व तितक्याच वाढून घ्याव्या. दुरडी पुढ्यात ठेवू नये.

२. प्रथम वाटीभर उसळ किंवा पालेभाजी व कच्चा कांदा-मुळा खावा, मग भाकरीस हात लावावा.

३. भाकरी चावून खावी. आमटीत किंवा दुधात कुस्करलेली भाकरी न चावता पोटात जाते व नकळत अधिक जाते.

४. कोरड्यासाचे तेल मोजून घालावे. शेंगदाण्याच्या कुटाचाही हिशेब ठेवावा. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत दीडशेवर उष्मांक असतात.

५. पाहुणचाराचा चहा आवरावा. दोन चमचे साखरेचे सहा कप म्हणजे २४० उष्मांक; एका भाकरीहून अधिक. अनेकजण भाकरी सोडतात व चहा सोडत नाहीत, हा हिशेब उलटा होय.

६. शेताची फेरी पायी करावी. एक तास चालण्याने सुमारे एका भाकरीचे उष्मांक खर्च होतात.

इशारा

हे नियम बसून काम करणारासाठी आहेत. खुरपणी, ऊसतोडणी वा पाटाचे पाणी रात्रभर धरणारास पोटभर भाकरी मिळालीच पाहिजे. मालकाचे पोट सुटले म्हणून गड्याची किंवा घरातील राबत्या स्त्रियांची भाकरी तोडणे अन्यायाचे होईल. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढती मुले आणि अशक्त वृद्ध यांनी खाणे घटवू नये. मधुमेहाची गोळी वा इन्शुलिन घेणाराने डॉक्टरास विचारल्यावाचून भाकरी कमी करू नये. साखर एकाएकी उतरून चक्कर येण्याचा धोका असतो.

शेवटी इतकेच सांगावयाचे, की उपासाने झटपट उतरलेले वजन तसेच परत येते. ठरलेल्या मापाने उतरविलेले टिकण्याचा संभव अधिक. जो शेतकरी पिकास खत व पाणी मोजून देतो, त्यास हे अवघड नाही. वाचकांनी या सुगीच्या ज्वारीचे पीठ एकदा तराजूत घालून पाहावे आणि आपल्या ताटाचा हिशेब स्वतःच मांडावा.